जमाखर्च बॅटरीचा

मे २०२१ च्या तौक्ते वादळात रेडीतली वीज गेली, तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या कॅम्पिंग ट्रेलरची बॅटरी कामी आली. दुसऱ्या रात्री आईच्या उशाशी ठेवलेला दिवा अचानक विझला. बॅटरीत किती उरलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रश्न तसा जुनाच. गास्ताँ प्लाँतेने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. गंमत म्हणजे डायनॅमो अजून यायचा होता. ती भरायची ती दुसऱ्या, साध्या बॅटऱ्यांनी! १८८१ मध्ये कामिल फोरने पत्र्यांवर लेप दिला, तेव्हा कुठे ती खरी कामाची झाली. पण उरलं किती, हे बघायला आम्लात हायड्रोमीटरच बुडवायचा: भरलेली असली की घनता साधारण १.२७, रिकामी झाली की १.१२ च्या आसपास.

यंदा चार्जर आणि मॉनिटर बसवला. निगेटिव्ह वायरवर शंट बसतो आणि त्यातून आतबाहेर जाणारा प्रवाह मॉनिटर मोजत राहतो. वाण्याची वहीच म्हणा ना! मी शहाण्याने चार्जरची निगेटिव्ह वायर शंट टाळून थेट बॅटरीला जोडली. मग काय, वहीत नुसता खर्च, जमा शून्य. वायर हलवली तेव्हा हिशेब जुळला.

हल्ली झोपण्याआधी आई विचारते, "किती टक्के रे?"