मुंबई विमानतळावरील लिअरजेट अपघात (२०२३)

१४ सप्टेंबर २०२३ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर एका छोट्या भाडोत्री जेट विमानाला उतरताना झालेला अपघात. ‘व्हीएसआर व्हेंचर्स’ या कंपनीचे हे लिअरजेट ४५ एक्सआर (नोंदणी व्हीटी-डीबीएल) विशाखापट्टणमहून आले होते. आत ६ प्रवासी व २ वैमानिक होते. विमान मधोमध मोडले, आगही लागली. तरी आठही जण वाचले. जखमींना रुग्णालयात हलवण्यात आले.

त्या वेळी मुसळधार पाऊस कोसळत होता आणि दृश्यमानता ७०० मीटरवर आली होती. विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने धावपट्टी २७ वर येत होते. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोच्या प्राथमिक अहवालानुसार, अखेरच्या टप्प्यात ऑटोपायलट सुटल्यावर विमान उजवीकडे ढळत गेले आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी ‘स्टॉल’चा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा वाजला. धावपट्टी सोडून ते टॅक्सी-वेंच्या छेदाजवळ जाऊन थांबले.

‘धावपट्टीवरून विमान घसरले’ असे मथळे दुसऱ्या दिवशी झळकले, पण गडबड चाके टेकण्यापूर्वीच सुरू झाली होती. जागा अपुरी पडली असेही नाही : ही धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि जेमतेम पावणेदहा टन कमाल वजनाच्या या विमानाला तिच्या निम्मीही लागत नाही. उपकरणांच्या आधाराने उतरताना ठरावीक उंचीपर्यंत, नेहमीच्या पद्धतीत साधारण २०० फुटांपर्यंत, धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर चढायचे असा दंडक आहे. वैमानिक त्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. एरवी तो नित्याचा प्रकार. पावसाची सर पुढे सरकताना मात्र क्षणापूर्वी दिसलेली धावपट्टी पुन्हा दिसेनाशी होऊ शकते आणि निर्णयाला हाती उरतात मोजके सेकंद. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात गो-अराउंडची घोषणा आढळली नाही.

अग्निशमन दलाने आग लगेच आटोक्यात आणली. धावपट्टी सुमारे पावणेदोन तास बंद राहिली आणि काही विमाने इतर शहरांकडे वळवावी लागली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर अपघात झाला की सगळ्या विमानतळाचेच वेळापत्रक कोलमडते.

पावसाळ्यात धावपट्टी २७ ने याआधीही विमाने अडकवली आहेत. १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ तिच्या टोकापलीकडे गेले आणि चिखलात रुतले. ते काढेपर्यंत मुख्य धावपट्टी काही दिवस बंद होती. त्या मानाने लिअरजेटचे अवशेष हलवणे सोपे गेले.