बधिर पावलांची चप्पल

मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला डॉक्टर हल्ली चिठ्ठीवर लिहून देतात : एमसीआर चप्पल. पुण्या-मुंबईतच नव्हे, सांगली-सोलापूरच्या सर्जिकल दुकानांतही ती मिळते. जाडजूड, मऊ तळाची, टाचेमागे पट्टा असलेली. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, पोटात हवेचे बारीक बारीक कप्पे असलेले. विकत घेणाऱ्याला वाटते, मधुमेहासाठी कुठल्या तरी परदेशी कंपनीने केलेले हे संशोधन असेल. प्रत्यक्षात ही चप्पल तमिळनाडूत, वेल्लोरच्या परिसरात, कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी घडली. तिच्या जन्मामागे एका मिशनरी डॉक्टरची ख्रिस्तश्रद्धा आहे. ती वगळूनही ही कथा सांगता येते, पण मग ती अर्धीच राहते.

डॉक्टरांचे नाव पॉल ब्रँड. जन्म १९१४चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. वडील जेसी आणि आई एव्हलिन दोघेही मिशनरी. मलेरियाने ग्रासलेल्या त्या डोंगरात वडील घरे बांधत, शेती सुधारत, जुजबी औषधोपचार करत आणि येशूची गोष्ट सांगत. पॉल लहान असताना एकदा तीन कुष्ठरोगी दारी आले. वडिलांनी हातमोजे घातले, त्यांचे पाय धुतले, जखमांवर मलमपट्टी केली. आईने एका टोपलीत त्यांना खायला दिले. ते गेल्यावर मात्र तिने मुलांना त्या टोपलीला हात लावू दिला नाही, ती जाळून टाकली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पाय धुण्याची येशूची आज्ञा पाळणाऱ्या त्या घरातही भीती होतीच, आणि भीती असूनही पाय धुतले गेले.

नवव्या वर्षी पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. १९२९मध्ये वडील तापाने गेले, मुलाची पुन्हा भेट न होताच. आईने मात्र डोंगराची साथ सोडली नाही. मिशनने निवृत्त केल्यावरही ती स्वतःच्या जबाबदारीवर तिथे परतली आणि ९५व्या वर्षी वारली.

मुलाला डॉक्टर व्हायचे नव्हते. वडिलांच्या हाताखालचे पू आणि रक्त त्याला आठवत होते. तो बांधकाम शिकला : विटा रचणे, दगड घडवणे, सुतारकाम. मिशनरी होऊन लोकांना घरे बांधून द्यायची, एवढाच बेत होता. पण मिशनऱ्यांसाठीच्या प्राथमिक वैद्यकाच्या एका अभ्यासक्रमाने त्याचे मन पालटले. मग लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण झाले आणि युद्धकाळातल्या बाँबवर्षावात शस्त्रक्रियेचा हातही बसला. १९४६च्या अखेरीस कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्या बोलावण्यावरून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. पाठोपाठ आलेल्या पत्नी मार्गारेट पुढे कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर काम करू लागल्या.

दुसऱ्या वर्षी कॉक्रेन त्यांना चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात घेऊन गेले. तिथे एका रुग्णाचा पंजासारखा वाकडा झालेला हात ब्रँडनी आपल्या हातात घेतला आणि सांगितले, दाबा. ब्रँडच्या हाताची कळ मस्तकात गेली. मेलेला समजलेल्या त्या हातात ताकद शाबूत होती. लुळे पडले होते ते काही ठरावीक स्नायूच. मग चांगल्या स्नायूचा कंडरा काढून बोटांना जोडता येईल का? १९४८मध्ये वेल्लोरला तशी पहिली शस्त्रक्रिया झाली. 

हात सुधारला तरी पाय झडतच होते. त्या काळी सर्वांची समजूत अशी की कुष्ठरोगाने मांस आपोआप सडते. डॅप्सोनसारखी सल्फोन औषधे आली होती. त्यांनी जंतू आटोक्यात येत, तरी रुग्ण तळव्याला नव्या जखमा घेऊन परतत. मग सडवते आहे कोण?

उत्तर प्रयोगशाळेत सापडले नाही. ते सापडले रुग्णांच्या सोबत राहून. १९५०च्या सुमारास वेल्लोरला शस्त्रक्रिया झालेल्या मुलांसाठी ‘न्यू लाइफ सेंटर’ ही छोटी वसाहत उभी राहिली. तिथे मुले लाकडी खेळणी बनवत आणि ब्रँडना आपले जुने सुतारकाम उपयोगी पडे. कुलूप उघडत नव्हते, तेव्हा एका लहान मुलाने किल्ली जोर लावून फिरवली आणि त्याचे बोट हाडापर्यंत चिरले. त्याला काहीच कळले नाही. सकाळी उठल्यावर काहींची बोटे कुरतडलेली दिसत. रात्रभर पहारा ठेवला तेव्हा समजले की उंदीर येऊन बोट खातो आणि झोपलेला माणूस हलतही नाही. तेव्हापासून केंद्रातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक मांजर देण्याची पद्धत पडली. रोग मांस खात नव्हता. रोगाने वेदना नेली होती, आणि वेदना गेल्यावर कुलूप, कंदील, उंदीर, रस्ता सगळेच शरीरावर तुटून पडत होते.

याच काळातली लंडनमधली एक रात्र ब्रँडनी पुढे लिहून ठेवली आहे. लांबच्या प्रवासाहून आल्यावर मोजा काढताना टाचेला काही जाणवेना. सुई टोचून पाहिली, तरी नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, पत्नी आणि मुलांपासून दूर राहावे लागणार, या विचारात त्यांनी रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ उठली. आगगाडीत एका बाजूवर बसून नस तात्पुरती बधिर झाली होती, इतकेच. त्या कळेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. वेदना ही देवाची देणगी आहे, हे त्यांचे पुढचे सगळे म्हणणे या कामातून आणि या रात्रीतून आलेले आहे. एरवी हे वाक्य मला क्रूर वाटले असते. पण ज्याने वेदना हरवलेली बोटे रोज मोजली, त्याच्या तोंडी ते शोभते. आणि रात्र अशी काढून हा माणूस वेल्लोरला परतला, त्याच रुग्णांमध्ये.

आता चपलेकडे. आपण चालताना नकळत लंगडतो, भार बदलतो, खडा लागला की थांबतो. बधिर पाय यातले काही करत नाही. तळव्याच्या पुढच्या भागातल्या एकाच हाडाखाली हजारो पावलांचा दाब पडत राहतो. आधी आत दाह होतो, मग कातडी फुटते, मग हाड झिजते. जखम बरी होण्यासाठी प्लास्टर घालण्याचा मार्ग आधीच माहीत होता. सिलोनमध्ये डॉ. मिल्रॉय पॉल आणि भारतात डॉ. जोसेफ खान यांनी १९३०च्या दशकात तो वापरला होता. प्लास्टरने जखम भरे. पण ते काढून माणूस अनवाणी किंवा बाजारातल्या कडक चपलेवर चालू लागला की पुन्हा तेच.

म्हणून ब्रँड आणि सहकारी पादत्राणांच्या मागे लागले. लाकडी खडावा करून पाहिल्या. मेण वापरले, प्लास्टरचे बूट केले. पीव्हीसीचे मिश्रण शिकायला ब्रँड कलकत्त्याला गेले, फवाऱ्याने बसवायचे प्लास्टिक पाहायला इंग्लंडला. काही तळ टणक निघाले, काही इतके मऊ की दोन दिवसांत चेपून फरशीसारखे सपाट झाले. वर्षे गेली. शेवटी हाती लागले ते हवेच्या बारीक कप्प्यांचे रबर. ते दबते, पण पार बसत नाही, त्यामुळे एका हाडाखालचा भार सगळ्या तळव्यावर पसरतो. त्याच्याखाली काटा आणि काच आत येऊ न देणारा टायरसारखा कडक रबराचा थर. खिळा एकही नाही, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळणार नाही. आणि टाचेमागे पट्टा, कारण अशा पायातून चप्पल निसटली तर माणूस तसाच पुढे चालत जातो. या चपलेतला प्रत्येक तपशील कुणाच्या तरी जखमेने शिकवलेला आहे.

हे काम एकट्या ब्रँडचे नाही. १९५५मध्ये वेल्लोरजवळ करिगिरीला उभ्या राहिलेल्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात डॉ. अर्नेस्ट फ्रिची आणि इतरांनी ते पुढे नेले. रबर ओतणारे, पट्टे शिवणारे आणि नव्या तळावर चालून दाखवणारे रुग्ण यांची नावे कुठल्याही पुरस्कारावर नाहीत. मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते धर्मांतरावर जाऊन थांबते. तो वाद आपल्या जागी राहो. मला इथे दिसते ते असे की येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला ही गोष्ट ब्रँडनी खरी मानली, आणि ती खरी मानणाऱ्या शल्यविशारदाने वर्षानुवर्षे जमिनीवर बसून लोकांचे तळवे न्याहाळले. श्रद्धेतले धैर्य म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

१९६०च्या दशकाच्या मध्यात ब्रँड दांपत्य अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे ब्रँडनी उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने हलका दाब पुन्हा पुन्हा देऊन सिद्ध केले की एका मोठ्या आघाताची गरज नसते, छोटे आघात हजारदा पुरेसे असतात. दाब पडला की आतल्या सूक्ष्म कुप्या फुटून रंग सोडणारे मोजेही त्यांनी करून पाहिले. तिथेच लक्षात आले की मधुमेह्यांचे पाय याच रीतीने जातात. वेल्लोरची समज प्लास्टर आणि पादत्राणांसह अमेरिकेतल्या मधुमेहाच्या दवाखान्यांत पोहोचली, आणि हळूहळू जगभर पसरली. ब्रँड २००३मध्ये वारले.

या चपलेने एक दुःखही दिले. आपल्या गावांत ती सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत मिळते, पण पूर्वी ती पायात दिसली की लोक ओळखत. म्हणून पुष्कळांनी ती गाठोड्यात ठेवून अनवाणी चालणे पत्करले. नंतर ती बाजारातल्या साध्या चपलांसारखी दिसावी म्हणून रंग आणि पट्टे बदलले गेले. मधुमेही ती घालू लागले तशी ती ओळखही पुसट होत चालली आहे.

आणि ज्यांच्या घरी ती आहे त्यांच्यासाठी करिगिरी-वेल्लोरच्या कामातून आलेली शिकवण इतकी : घालण्यापूर्वी चपलेत हात फिरवून खडा पाहा. रोज रात्री आरसा धरून तळवा बघा, किंवा घरच्या कुणाला बघायला सांगा. कुठे लाल दिसले किंवा गरम लागले तर त्या दिवशी चालणे कमी करा. रबर चेपले की नवी घ्या, वरून चांगली दिसली तरी.