मॉर्फिनची खतावणी

तुमच्यापैकी जे ब्रिटनमध्ये राहतात आणि घरातल्या कुणासाठी कधी मॉर्फिन आणायला गेले आहेत, त्यांना काउंटरवरचा तो थांबा आठवत असेल. बाकीची औषधं भराभर पिशवीत पडतात. मग फार्मासिस्ट आत जातो, किल्ल्यांचा आवाज येतो आणि बाहेर येऊन तो विचारतो, पेशंट तुम्हीच का? नसाल तर तुम्ही कोण? कधी ओळखपत्र मागतो, सही घेतो. रांगेत मागे चार माणसं उभी असतात आणि आपल्याला उगाचच चोरासारखं वाटतं. आपण बाहेर पडलो की आत एका रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली जाते.

औषधविषयक कायद्यांचा इतिहास हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून त्या एका ओळीबद्दल लिहिते आहे. ती तशी लिहायची पद्धत कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. दीडशे वर्षांत काहीतरी बिघडत गेलं आणि दर वेळी ओळीत एक रकाना वाढला. त्याच नियमांचं दुसरं टोक आमच्या सांगली जिल्ह्यातल्या घरापर्यंत पोचतं, तेही पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये अफू किराणा दुकानातही मिळायची. लँकेशरच्या गिरण्यांमध्ये कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचं अफूमिश्रित गोड औषध पाजून झोपवत. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात तेच काम बाळगोळी करायची. मालक, पाळी आणि पाळणा यांचं गणित दोन्हीकडे सारखंच होतं. १८६८ च्या फार्मसी कायद्यानं विषारी पदार्थांची विक्री नोंदणीकृत केमिस्टांपुरती ठेवली, पण अफूला फार हात लावला नाही. आर्सेनिक विकत घ्यायचं तर दुकानदाराची ओळख हवी, वहीत सही हवी. अफूच्या बाटलीवर मात्र ‘विष’ असं लेबल आणि दुकानदाराचं नाव-पत्ता असला की झालं. पेटंट औषधांना तर या कायद्यातून सूटच होती. अफूवर पोट भरणाऱ्या केमिस्टांनी सरकारवर चांगलाच दबाव आणला होता.

खरा बदल पहिल्या महायुद्धात झाला. लंडनमधल्या सॅव्हरी अँड मूर आणि हॅरड्ससारख्या प्रतिष्ठित दुकानांत, आघाडीवरच्या मित्राला भेट म्हणून पाठवायला मॉर्फिन आणि कोकेन मिळत होतं. आज आपण चॉकलेटचा डबा पाठवतो तसं! १९१६ च्या सुरुवातीला दोन्ही दुकानांना दंड झाला. पुढे सैनिकांना कोकेन विकलं जातं म्हणून वर्तमानपत्रांत ओरड झाली आणि त्याच वर्षी २८ जुलैला युद्धकाळाच्या विशेष अधिकारांखाली ‘४० ब’ हा नियम आला. डॉक्टर, केमिस्ट अशा मोजक्या लोकांखेरीज इतरांनी कोकेन किंवा अफू नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरला. युद्ध संपलं, नियम राहिला. १९२० च्या ‘डेंजरस ड्रग्ज’ कायद्यात मॉर्फिन आणि हेरॉइनही आलं. विक्रीची गोष्ट संपून हिशेबाची सुरू झाली ती इथे.

मधली पन्नास वर्षं मी उडी मारून ओलांडते. आजचा सांगाडा १९७१ च्या ‘मिसयूज ऑफ ड्रग्ज’ कायद्याचा आहे. १९७३ च्या नियमांनी कपाट कसं असावं हेसुद्धा सांगितलं: पत्रा किती जाड, कुलूप कसलं, भिंतीला किंवा जमिनीला कसं जखडलेलं. रजिस्टरचे नियम वाचताना मला आमच्या आजोबांचं दुकान आठवतं. प्रत्येक औषधाला, त्याच्या प्रत्येक ताकदीला वेगळं पान. नोंद त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर समासात किंवा पानाच्या तळाशी तारीख घालून दुरुस्ती करायची. शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं वही जपायची. प्रिस्क्रिप्शनवर एकूण मात्रा आकड्यांत आणि अक्षरांत, आपण चेक लिहितो तशी. २००५ पर्यंत तर असं प्रिस्क्रिप्शन डॉक्टरनं बहुतांशी स्वतःच्या हातानं लिहावं लागे.

एवढी कडेकोट वही असताना हॅरल्ड शिपमन घडला.

शिपमन हा मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला फॅमिली डॉक्टर. पेशंट त्याच्यावर जीव टाकायचे. २००० साली १५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली; नंतर न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीनं त्याचे किमान २१५ बळी नक्की केले. बहुतेक वयस्कर बायका, बहुतेक आपापल्या घरी, आणि हत्यार डायामॉर्फिनचं इंजेक्शन. डायामॉर्फिन म्हणजे हेरॉइनच. ब्रिटनमध्ये ते आजही रीतसर औषध म्हणून वापरतात.

या प्रकरणाबद्दल तुम्ही वाचलं असेल, टीव्हीवर पाहिलंही असेल. पण चौकशीचा जुलै २००४ मधला चौथा अहवाल फारसा कुणी वाचत नाही, कारण त्यात खून कमी आणि कागदपत्रं जास्त आहेत. शिपमनला १९७६ मध्येच, टॉडमॉर्डन गावात असताना, पेथिडीनसाठी खोटी प्रिस्क्रिप्शन्स केल्याबद्दल ६०० पाउंड दंड झाला होता. वैद्यकीय परिषदेनं त्याला काढलं नाही आणि नियंत्रित औषधं हाताळायचा त्याचा अधिकारही कुणी काढून घेतला नाही. हाइडला आल्यावर त्यानं सांगून टाकलं की आपण अशी औषधं जवळ ठेवतच नाही. ठेवत नाही म्हणून रजिस्टर नाही. रजिस्टर नाही म्हणून तपासायला काही नाही.

मग तो ती मिळवायचा कशी? रुग्णांच्या नावानं प्रिस्क्रिप्शन लिहून शेजारच्याच फार्मसीतून स्वतः घेऊन यायचा. १९९३ मध्ये त्यानं बऱ्याचदा डायामॉर्फिनची एकेकच कुपी लिहून नेली. पुढे कॅन्सरनं शेवटच्या अवस्थेत असलेल्यांच्या नावावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं, आणि रुग्ण गेला की घरात उरलेलं ‘नष्ट करतो’ म्हणून उचललं. घरच्यांनी त्याचे आभारच मानले असतील.

आता थोडं थांबून त्या फार्मसीच्या रजिस्टरचा विचार करा. त्यात हे सगळं होतं. तारीख, मात्रा, रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव. आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ती औषधवार खतावणी होती: माल किती आला, किती गेला, आणि ताळा बरोबर जुळत होता. डॉक्टरवार खतावणी मात्र कुणीच घातली नव्हती. एका डॉक्टरच्या नावासमोरच्या ओळी एका कागदावर उतरवल्या असत्या, तर विचित्रपणा दिसला असता. कॅन्सरच्या रुग्णाला शेवटी दुखण्यासाठी एक कुपी लागत नाही; रोज लागतात. पण वही दुकानातून औषध चोरीला जाऊ नये यासाठी आखलेली होती. डॉक्टरच चोर असेल, ही शक्यता तिच्या रकान्यांत बसत नव्हती.

काउंटरवर तुम्हाला ‘तुम्ही कोण?’ असं विचारतात ते त्यानंतर. २००६ पासून औषध न्यायला आलेला माणूस रुग्ण आहे, त्याचा प्रतिनिधी आहे की वैद्यकीय कर्मचारी, हे विचारणं आलं. २००८ मध्ये रजिस्टरलाही त्याचे रकाने आले. त्याच सुमारास प्रत्येक मोठ्या आरोग्यसंस्थेत या औषधांसाठी एक उत्तरदायी अधिकारी नेमणं सक्तीचं झालं. खासगी प्रिस्क्रिप्शनसाठी वेगळा फॉर्म आला. कोण डॉक्टर किती लिहितो हे आता कुणीतरी एकत्र वाचतं. म्हणजे राहिलेली खतावणी घातली गेली.

हा चौथा अहवाल मी पीएचडीसाठी टिपणं काढत वाचत होते, २०१७ मध्ये, तेव्हा आत्येभावाचा फोन आला. आत्याला कॅन्सर होता, हाडांपर्यंत गेलेला. मॉर्फिनच्या गोळ्यांनी आराम पडत होता, पण त्या जिल्ह्यात कुठेच मिळत नव्हत्या. भाऊ दर महिन्याला रात्रीच्या एसटीनं मुंबईला जाऊन मोठ्या इस्पितळातून घेऊन यायचा. म्हणाला, “ताई, तिकडून पाठवता येईल का गं?” मी नाही म्हटलं. का नाही, हे त्याला समजावून सांगणारी आमच्या घराण्यातली मी एकमेव तज्ज्ञ होते, आणि त्या दिवशी त्या ज्ञानाचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

भारतानं १९८५ मध्ये अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा केला. त्यात किमान शिक्षा दहा वर्षं. व्यापारी आणि व्यसनी यांत, किलोत आणि ग्रॅममध्ये फरक करायला २००१ ची दुरुस्ती यावी लागली. औषधी वापराला कायद्यानं बंदी नव्हती. पण परवाने राज्यांच्या हातात होते. जवळ ठेवायचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा वेगळा. हे काम अनेक राज्यांत दारूचे परवाने देणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याकडे होतं. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. दुकानदारांनी शहाणपणानं माल ठेवणंच बंद केलं. देशातला मॉर्फिनचा औषधी वापर १९८५ नंतर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये १८ किलोवर आला. सगळ्या देशासाठी १८ किलो! आणि हा देश मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं खसखशीची शेती करतो, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया करतो आणि ती निर्यात करतो.

शिपमनच्या प्रकरणात वही होती आणि वाचणारा नव्हता. इथे वहीच इतकी भयंकर केली की त्यात कुणी नाव घालेना. दोन्ही चुका एकाच मापाच्या नाहीत, पण मला दुसरी जास्त छळते, कारण तिच्यातला कुणी आरोपी म्हणून उभाच करता येत नाही.

केंद्रानं १९९८ मध्ये राज्यांना सोपे नियम सुचवले. केरळसारख्या थोड्या राज्यांनी ते घेतले; तिथे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम उभं केलं होतं. शेवटी २०१४ मध्ये कायदाच बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळं काढलं, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी ठरली. कागदावर हे फार चांगलं आहे, मी ते मनापासून म्हणते. पण संस्थेनं अर्ज करावा लागतो. आत्याच्या भागातल्या एका इस्पितळात मी फोन करून विचारलं, तुम्ही अर्ज का करत नाही? तिथले डॉक्टर वयानं मोठे होते, सौजन्यानं बोलले. “बाळ, ती भानगड आम्हाला नको.”

आत्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये गेली. चौदा गोळ्या उरल्या होत्या. भावानं त्या गोदरेजच्या कपाटात, तिच्या पाटल्यांच्या शेजारी कुलपात ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला आपलं वाटलं म्हणून. दिवस झाल्यावर त्यानं विचारलं, यांचं काय करू? तुमच्या जवळच्या फार्मसीत देऊन टाका, असं मी इथल्या माणसाला सांगितलं असतं. तो मात्र परत रात्रीच्या एसटीत बसला, मुंबईला गेला आणि जिथून आणल्या होत्या त्याच खिडकीवर देऊन आला. खिडकीतल्या बाईंनी मोजून घेतल्या आणि रजिस्टर पुढे ओढलं.