तंबूबाहेरचा गोलंदाज

१९६३ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहरी गोल्फची एक मोठी स्पर्धा झाली. ती जिंकली पापवा सेवगोलम या हिंदी वंशाच्या धंदेवाईक खेळाडूने. लहानपणी ते गोऱ्या साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावरून वाहत. खेळ शिकविणारा कोणी नव्हता. म्हणून काठी धरायची तीही जगाच्या उलट, डावा हात खाली आणि उजवा वर. त्याच उलट्या हातांनी त्यांनी १९५९ व १९६० साली हॉलंडची खुली स्पर्धा मारली होती. डर्बनला बक्षीस समारंभाच्या वेळी नेमका पाऊस आला. क्लबाच्या इमारतीत गोऱ्यांखेरीज खेळाडूला पाऊल टाकायची बंदी! तेव्हा मंडळी आत कोरडी राहिली आणि विजेत्याने करंडक घेतला तो बाहेर, पावसात भिजत.

ऐकून आपल्याला राग येतो. यावाही. पण असाच एक प्रसंग साठ-पासष्ट वर्षे आधी आपल्या पुण्यात घडत होता, आणि तिथे गोरे लोक कारण नव्हते.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे चांभार समाजातले. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबाच्या मैदानावर झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे, या कामाचे त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे साहेबांच्या पूना क्लबात चार रुपये झाले. जाळी उभारायची, रेघा आखायच्या आणि ग्रेगसाहेबांना तासन् तास गोलंदाजी करायची. आपल्याला बाद केले की ग्रेग आठ आणे देत, असे सांगतात. बॅट मात्र त्या मैदानावर बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. बॅट साहेबांनी धरायची, घाम नोकराने गाळायचा. गोल्फच्या मैदानावरचा पिशवीवाला पोऱ्या आणि हा पोऱ्या, यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. दोघेही खेळ शिकले ते चाकरीतून.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही, यावर सभासदांत वाद माजला. काही तेलुगू मंडळी म्हणाली, घ्या. काही ब्राह्मण मंडळी म्हणाली, नको. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्यापेक्षा मोठी ठरली. बाळू खेळले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावीत. (तो चेंडू चामड्याचा असतो, हे बहुधा कोणाच्या ध्यानात आले नसावे!) चहाची वेळ झाली की मात्र इतर गडी तंबूत आणि बाळू तंबूबाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन झाले की फेकून द्यायचा. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी.

इथे आपल्या जिल्ह्यातले महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. एक प्रश्न तळ्याचा, दुसरा पेल्याचा. पण प्रश्न एकच.

बाळू पुढे मुंबईस आले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचा वाटा मोठा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदी संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला; बाळूंनी मात्र एकट्याने ११४ गडी टिपले.

एवढे झाल्यावर कर्णधारपद? ते काही मिळेना. १९१३ साली कर्णधार झालेले पै स्वतःच म्हणाले, हा मान बाळूंचा होता. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे दोघे भाऊ, संघात निवड झालेली असूनही, बाहेर पडले. गाजावाजा झाला आणि जिमखान्याला नमावे लागले. बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकट्या विठ्ठलने हिंदू संघाचे नेतृत्व केले आणि स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले.

सेवगोलम यांच्या नशिबी हे नव्हते. १९६५ साली त्यांनी गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला मागे टाकून डर्बनची तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर सरकारने त्यांना स्पर्धांचे दरवाजेच बंद केले. १९७८ साली ते वारले.

बाळू राजकारणात आले ते महात्माजींच्या बाजूने. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना उभे केले ते खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध! आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एकाच अपमानातून आलेली ही दोन माणसे. मतपेटीपाशी समोरासमोर का आली, याचे उत्तर क्रिकेटच्या पुस्तकात सापडायचे नाही.

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर वारले. मुंबईत प्रभादेवीला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पाटीवर एवढेच असते: पी. बाळू मार्ग.