राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालये : हेतू आणि नामाभिधान

प्रस्तावना

अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालय हे नाव ऐकताच वाचकाच्या डोळ्यांसमोर ग्रंथांनी भरलेली कपाटे उभी राहतात. प्रत्यक्षात ही संस्था म्हणजे मुख्यतः अभिलेखागार आणि त्याला जोडलेले वस्तुसंग्रहालय होय. नाव आणि स्वरूप यांतील ही तफावत का निर्माण झाली व तिचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेतू

जॉर्ज वॉशिंग्टनपासून राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे ही त्यांची खासगी मालमत्ता मानली जात असे. ती वारसांकडे जात. काही विखुरली, काही नष्ट झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ही प्रथा मोडली. हाइड पार्क येथील कौटुंबिक जमिनीवर देणग्यांतून इमारत उभारून त्यांनी ती कागदपत्रांसह शासनाच्या स्वाधीन केली. ३० जून १९४१ रोजी, ते पदावर असतानाच, तिचे उद्घाटन झाले. १९५५ च्या कायद्याने या व्यवस्थेला सर्वसाधारण रूप दिले : इमारत खासगी निधीतून, देखभाल राष्ट्रीय अभिलेखागाराकडे. मात्र कागदपत्रे देणे अद्याप ऐच्छिकच होते.

या ऐच्छिकतेची मर्यादा रिचर्ड निक्सन यांच्या प्रकरणात उघड झाली. ऑगस्ट १९७४ मधील राजीनाम्यानंतर ध्वनिफिती नष्ट होण्याची शक्यता दिसताच त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून त्या व कागदपत्रे शासनाच्या ताब्यात ठेवली. पुढे १९७८ च्या कायद्याने, २० जानेवारी १९८१ पासूनचे राष्ट्राध्यक्षीय अभिलेख राष्ट्राच्या मालकीचे ठरविले.

नामाभिधान

नावाचा प्रश्न येथेच गंभीर होतो. १९९० मध्ये योर्बा लिंडा येथे निक्सन यांच्या नावाचे खासगी ग्रंथालय सुरू झाले. परंतु त्यांच्या कारकिर्दीची मूळ शासकीय कागदपत्रे तेथे नव्हती. २००७ मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या व्यवस्थेत आले आणि २०११ मध्ये वॉटरगेटविषयीचे नवे दालन खुले झाले. जेराल्ड फोर्ड यांचे ग्रंथालय ॲन आर्बर येथे, तर संग्रहालय ग्रँड रॅपिड्स येथे आहे. तेथे दोन्ही कार्ये स्थळानेही वेगळी झाली आहेत. बराक ओबामा यांच्या संस्थेने शिकागोतील वास्तूसाठी ‘केंद्र’ हा शब्द स्वीकारला. तेथे शासकीय अभिलेखागार नसल्याने हे नाव वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

निष्कर्ष

व्यक्तीचे नाव स्मारकाची अपेक्षा निर्माण करते, तर ‘ग्रंथालय’ हा शब्द ज्ञानाच्या निःपक्षपाती सेवेचे आश्वासन देतो. गौरवाची इच्छा देणगीदारांची असते. पुराव्याचा हक्क नागरिकांचा असतो. त्यामुळे अशा संस्थेची कसोटी तिच्या दर्शनी भागावरील नावात नसून, त्या नावाला अडचणीचा ठरणारा कागद अभ्यासकाच्या हाती पडतो की नाही, यात आहे.