घर पाहावे बांधून : सोपाऱ्यापासून फुलपाड्यापर्यंत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. तिच्यात विनोद आहे तितकाच अनुभवही आहे. लग्नाच्या पंगतीत मीठ कमी पडले, तर मांडव उतरल्यावर कोणी त्याची आठवण ठेवत नाही. घर बांधताना झालेली चूक मात्र दर पावसाळ्यात भिंतीवर उमटते आणि पुढच्या पिढीला वारशाने मिळते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर राज्यांचा इतिहास पुष्कळ सांगितला गेला. आज आम्ही भिंतींचा इतिहास सांगणार आहोत. ज्याला स्वतःचे चार खणांचे घर बांधावयाचे आहे, त्याला त्यातून काही उपयोगाचे मिळावे एवढाच आमचा हेतू आहे.

जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, विरारच्या पूर्वेस फुलपाडा आहे. नावातला ‘पाडा’ हा शब्दच येथील पहिल्या घरांची ओळख सांगतो. पाडा म्हणजे वस्ती. या मुलखातील वारली व इतर आदिवासी कुटुंबांची जुनी घरे कुडाची असत. लाकडी मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या दाटीने बांधायच्या, त्यांवर माती व शेण यांचा लेप द्यायचा आणि वर उतरते छप्पर चढवायचे. अशा घराला आपण कच्चे म्हणतो. पण ज्याने ते बांधले, त्याला येथील पाऊस ठाऊक होता. छपराची वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे येई, म्हणून मातीची भिंतही भिजत नसे. आज सिमेंटच्या भिंती ओल धरतात याचे एक कारण असे की, आपण वळचण कापून टाकली आणि तिच्या जागी पुरेसा छज्जा दिला नाही. खिडकीवर छज्जा, गच्चीला उतार आणि पाणी वाहून नेणारी मोकळी पन्हाळी या तीन गोष्टींवर खर्च करणाऱ्याला रंगावर वारंवार खर्च करावा लागत नाही.

आता थोडे पश्चिमेकडे जाऊ. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी करंडक होता आणि करंडकातल्या वस्तूंबरोबर यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. हा सातवाहन राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. इतकी शतके कोकणच्या पावसाखाली राहून विटेने आपला आकार सोडला नाही. नीट भाजलेली वीट ही अशी दीर्घायुषी वस्तू आहे. म्हणून विटांचा ट्रक दारात आला की ढीग मोजण्याआधी वीट पारखावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर टाकलेली वीट फुटू नये. कोरडी वीट तोलून एक दिवस पाण्यात बुडवावी व पुन्हा तोलावी. वजन एक पंचमांशाहून अधिक वाढले, तर तो माल परत करावा. या परीक्षेला पैसा लागत नाही, फक्त थोडा निगरगट्टपणा लागतो.

सोपाऱ्याहून वसईच्या किल्ल्यात यावे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी दगड व चुना यांचे बलाढ्य शहर उभे केले. दोनशे वर्षे ते त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने ते घेतले. हे सारे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु घर बांधणाराने त्या लढाईतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वरून तोफांचा मारा चालू असतानाही तट दाद देईना, तेव्हा मराठ्यांनी जमिनीच्या बाजूच्या बुरुजांखाली सुरुंग खणले. पायाखालची जमीन उडाली तेव्हा बुरुजाला खिंडार पडले आणि वसई हाती आली. भिंत कितीही जाड असो, तिचे बळ तिच्या पायाखाली असते.

शत्रू सुरुंग लावतो, तेच काम आपण पुष्कळदा स्वतःच्या हाताने करून घेतो. फुलपाड्यासारख्या पायथ्याच्या जागी हे हमखास घडते. उताराची जमीन सपाट करताना वरचा भाग कापतात आणि निघालेली माती खालच्या बाजूस भरतात. मग त्या सपाटीवर घर उभे राहते. त्याचा अर्धा पाया मूळच्या कठीण मुरमावर आणि अर्धा भरावावर. भराव दोन-चार पावसाळ्यांत खचतो, मुरूम खचत नाही आणि घर मधोमध तडकते. यावर उपाय एकच. भरावातून खाली उतरून सगळा पाया मूळच्या कठीण थरावर न्यावा. डोंगराकडून येणाऱ्या पाण्यासाठी घराच्या मागे गटार काढावे आणि ते बुजू देऊ नये. पश्चिमेकडील सखल भागात प्रश्न उलटा असतो. तेथे खाजणाची मऊ जमीन आणि साचणारे पाणी यांच्याशी गाठ असते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कसे बुडाले, हे आपल्यातील पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जोत्याची उंची ठरवताना नकाशा पाहावाच, पण शेजारच्या जुन्या माणसाला पाणी कोठवर आले होते हेही विचारावे.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली. मुंबईत ज्याला खोली परवडेना, तो आपले बिऱ्हाड घेऊन या गाडीच्या शेवटच्या स्थानकावर उतरला. वाड्या आणि भातशेते यांच्या जागी काँक्रीट आले. काँक्रीट हे चुन्यापेक्षा बलवान खरे, पण त्याच्या पोटात लोखंड असते आणि लोखंडाचा वैरी मीठ. किल्ल्याच्या दगडी भिंतीत सळई नव्हती, म्हणून खारा वारा तिला तितका बाधला नाही. आपल्या स्लॅबमध्ये मात्र खाडीची न धुतलेली रेती गेली, तर मीठ सळईला गंज चढवते; गंज फुगतो आणि आतूनच सिमेंटचे कवच फोडतो. तेव्हा रेतीचा दाणा जिभेवर ठेवून पाहण्यास लाजू नये. खारट लागली तर ती रेती नकोच. खारट लागली नाही तरी शंका असल्यास प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. बांधकामाला खारट बोअरिंगचे पाणीही वापरू नये.

पाण्याविषयी आणखी एक सांगणे आहे. माल सहज पसरावा म्हणून कामगार त्यात जास्त पाणी ओततात. ते पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. काँक्रीट दुबळे होते. उलट स्लॅब भरल्यावर ज्या पाण्याची खरी गरज असते, ते मारण्याचा सर्वांना कंटाळा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा सतत राहिला पाहिजे. थोडक्यात, मालात पाणी मोजून द्यावे आणि स्लॅबवर हात सैल सोडावा. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी आपल्या इंजिनियरला बोलावून सळया दाखवाव्यात. एकदा माल पडला की ब्रह्मदेवालाही त्या मोजता येणार नाहीत. सळई फळीला टेकलेली नसावी, तिच्याखाली कव्हरचे ठोकळे असावेत. टेकू काढण्याची तारीख इंजिनियरने ठरवावी, सेंटरिंगवाल्याच्या दुसऱ्या कामाने नव्हे.

इथवर आम्ही माती, वीट, रेती आणि पाणी यांविषयी बोललो. आजच्या घराला आणखी एक पाया असतो, तो कागदाचा. सोपाऱ्याच्या गवंड्याला त्याची गरज नव्हती, आपल्याला आहे. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपारा पूर्वेस ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव होती. त्या इमारतींत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, देव्हारे मांडले होते, मुलांची नावे जवळच्या शाळांत घातली होती. जमिनीवरचे आरक्षण मात्र त्यांना कोणी दाखवले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. त्याच वर्षी, २६ आणि २७ ऑगस्ट २०२५ यांमधल्या रात्री, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे गेली. ती इमारत अनधिकृत असल्याचे महापालिकेने सांगितले. परवानगीचा कागद भिंत उचलून धरत नाही, हे खरे. पण नकाशा मंजूर होताना पाया, खांब आणि तुळया यांचा हिशेब कोणा जबाबदार माणसाला सहीनिशी द्यावा लागतो. जेथे कागद नाही, तेथे तो हिशेब मागणाराही कोणी नसतो.

म्हणून विसार देण्यापूर्वी सातबारा व त्यावरील फेरफार पाहावेत, जमीन बिनशेती झाली आहे की नाही ते तपासावे आणि विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण आहे काय, हे महापालिकेत जाऊन स्वतः विचारावे. पाड्यांच्या या मुलखात आणखी एक काळजी घ्यावी. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही, असा १९७४ पासून कायदा आहे. तो मोडून घेतलेल्या जमिनीवरचे घर दुसऱ्याच्या पायावर उभे असते. ते कायद्याने टिकत नाही आणि न्यायानेही टिकू नये. नोटरीच्या शिक्क्याने जमीन आपली होत नाही; खरेदीखत नोंदवावे लागते. बांधकामास प्रारंभ प्रमाणपत्र आणि राहावयास जाताना भोगवटा प्रमाणपत्र, ही दोन्ही हातात घ्यावीत. ठेकेदाराशी करार लेखी असावा आणि त्याला पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत. शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून दिला, तर उत्तमच.

आमच्या श्रोत्यांपैकी काही जण या उन्हाळ्यातच पाया खणणार असतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, मुहूर्त पाहण्यापूर्वी त्यांनी एक रविवार मोकळा काढावा. सकाळी किल्ल्यात जाऊन जुन्या भिंतीचे जोते पाहावे, दुपारी सोपाऱ्याची वीट पाहावी आणि उन्हे कलल्यावर आपल्या जागेवर येऊन, पहिल्या पावसाचे पाणी कोठून येईल आणि कोठे जाईल, याचा शांतपणे विचार करावा. मग सोमवारी कागद घेऊन कचेरीत जावे. घर त्यानंतर बांधावे.