स्ट्रॉबेरी, व्हिनेगर आणि आत्याचा प्रश्न

परवाच्या रविवारी घरी बारा-पंधरा माणसं जेवायला होती. बासुंदी आटवायचा कंटाळा केला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या आणल्या, चिरल्या, थोडी साखर भुरभुरली आणि वर चमचाभर बाल्सामिक व्हिनेगर. झालं गोड! आमच्याकडे व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या टेबलावरचं, मिरच्या बुडवलेलं पांढरं पाणी. ते फळांवर घातलंय म्हटल्यावर सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले.

मग मी बाटलीवरचा मजकूर थाटात वाचून दाखवला. हजार वर्षांची परंपरा, राजेरजवाड्यांच्या पंगतीतला पदार्थ वगैरे. आत्या पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवायची. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "कोण म्हणतं? बाटलीच ना? विकणाऱ्याची साक्ष धरायची नसते गं."

मी गप्प बसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना, तेव्हा नंतरच्या तीन-चार रात्री वाचनात घालवल्या. तर आत्या, हे खास तुझ्यासाठी.

हजार वर्षांची गोष्ट अगदीच हवेतली नाही. १०४६ साली जर्मनीचा राजा तिसरा हेन्री सम्राटपदाचा मुकुट घालून घ्यायला रोमला निघाला होता. वाटेत त्याने कानोसाच्या बोनिफाचोकडे तिथलं नावाजलेलं व्हिनेगर मागितलं. डोनिझोने नावाच्या भिक्षूने हे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय. पण ते व्हिनेगर गोड होतं का, काळं होतं का, कशाचं होतं, यावर तो काही बोलत नाही. 'बाल्सामिक' हा शब्दही त्यात नाही. तो शब्द येतो १७४७ साली, मोडेनाच्या एस्ते ड्यूकांच्या तळघराच्या नोंदवहीत. म्हणजे मध्ये सातशे वर्षं गेली! बाल्सम म्हणजे जखमेवर लावायचा सुगंधी लेप, त्यावरून हे नाव. तेव्हा ही चीज औषध म्हणूनही घेत.

आता स्ट्रॉबेरी. आपण खातो ती टपोरी स्ट्रॉबेरी हेन्रीच्या काळात जगात नव्हतीच. युरोपात होती ती रानातली, बोराएवढी. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून मोठ्या फळाची रोपं आणली. ती सगळी मादी निघाली, त्यामुळे फळच धरेना. शेजारी उत्तर अमेरिकेतली जात लावल्यावर कुठे फळं लागली, आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली. १७६६ साली दुशेन याने हा संकर असल्याचं लिहिलं. म्हणजे माझ्या वाटीतली ही जोडी अठराव्या शतकाच्या आधीची असूच शकत नाही. पहिला गुण आत्याला.

पण खरं व्हिनेगर कसं करतात हे वाचलं आणि मी हरखून गेले. द्राक्षांचा रस मोठ्या उघड्या भांड्यात तासन् तास आटवतात. मग तो माळ्यावर ठेवलेल्या लाकडी पिंपांत जातो. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशी निरनिराळ्या लाकडांची आणि उतरत्या आकाराची पिंपं. माळाच का, तर तिथे उन्हाळ्यात भाजतं आणि हिवाळ्यात गारठतं, आणि व्हिनेगरला दोन्ही लागतं. दर वर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडं काढायचं, ती तूट शेजारच्या पिंपातून भरायची, त्याची त्याच्या शेजारच्यातून. पिंप पूर्ण रिकामं कधीच करायचं नाही. आपल्या विरजणासारखंच की! निदान बारा वर्षं गेल्याशिवाय त्याला 'पारंपरिक' म्हणता येत नाही, आणि पंचवीस वर्षांचं ते 'अतिजुनं'.

मोडेनात अजून एक गोष्ट सांगतात. इटली एक होत असताना, १८६० च्या आसपास, ड्यूकांची उत्तम पिंपं उचलून नव्या राजाच्या मोंकालिएरीच्या किल्ल्यात नेली. तिथे त्यांची निगा कुणाला जमली नाही आणि सगळं बुरसलं. हे वाचताना मला आजीची लिंबाच्या लोणच्याची बरणी आठवली. साताऱ्याचं घर विकलं तेव्हा ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणली. लोणचं काळंभोर, कुणाच्या तोंडाची चव गेली की बोटभर मिळायचं. पहिल्याच पावसाळ्यात त्याला बुरशी आली. आजी काही बोलली नाही. बरणी घासून तिने खिडकीत पालथी घातली.

असो. बाटलीकडे वळू. 'पारंपरिक' नावाला युरोपीय संघाने २००० साली संरक्षण दिलं. त्यात आटवलेल्या द्राक्षरसाशिवाय काही घालायचं नाही. माझ्या बाटलीवर मागे बारीक अक्षरांत लिहिलंय, वाईनचं व्हिनेगर, द्राक्षरस, रंगासाठी कॅरमल. या साध्या प्रकाराला २००९ साली वेगळं संरक्षण मिळालं, आणि त्याला साठ दिवस पुरतात. समोर हजार वर्षं, मागे साठ दिवस!

तरी गोड वाईट झालं नव्हतं हो. साखरेने फळाला पाणी सुटतं आणि त्या रसात आंबटपणा मुरला की फिक्या स्ट्रॉबेरीलाही चव येते. कापल्यावर अर्धा तास ठेवा, पुरे. साधं व्हिनेगर असेल तर आधी मंद आचेवर निम्मं आटवून घ्या, दाट होतं. फक्त पातेल्यावर वाकून वास घेऊ नका. मी घेतला, पाच मिनिटं ठसकत होते.

काल आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने १०४६ आणि १७४७ दोन्ही साल पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, "बरं, उरलंय का ते? येताना पेरू आणते."